बॉयलरचा षड्ज

लिबर्डच्या सलूनखाली एक तळघर होतं.
लीड्स शहर, चॅपलटाउनचा रस्ता.
वर कात्र्या चालत, खाली चार पोरं
एकाच माइकवर तुटून पडत.
कोपऱ्यात बॉयलर.
थंडीभर तो घुमायचा, एकाच सुरात,
काळी दोनच्या किंचित खाली,
आणि त्याला गप्प करणं कुणाला जमलं नाही.

व्हर्लीन हॅनली, वय एकोणीस.
दिवसा इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या,
रात्री इथे, पालथ्या घातलेल्या दुधाच्या क्रेटवर.
पोरं हिशेब मांडत:
पोलीस, घरभाडं, सिगारेट आणायला गेलेले बाप.
शब्दावर शब्द, मध्ये सुई शिरायला जागा नाही.
मग ऑर्विल पेंबर्टनचं बोट वर जायचं. आता तू.
तिच्या वाट्याला आठ आवर्तनं,
पंगतीत पाणी वाढणारीला
दोन पानांमधून वाट मिळते, तेवढी.

षड्ज तिनं बॉयलरकडून घेतला.
दुसरा कुणी देत नव्हता.
ती गायला लागली की ऑर्विल
टोपी पुढे ओढून घ्यायचा, नाकापर्यंत.

कॅसेटवर तिचं नाव चुकलं: व्हर्लिना.
दोनशे प्रती, गाडीच्या डिकीतून विकल्या.
आईनंही घेतली एक, पैसे मोजून.
शिव्या आल्या की आवाज कमी,
पोरगी आली की मोठा,
असं बटण फिरवत फिरवत
तिनं अख्खी बाजू ऐकली.

लंडनला काचेपलीकडे एक सभ्य माणूस होता.
चहा विचारला. गोल फिरणारी खुर्ची दिली.
म्हणाला, सुरेख. फक्त सूर जरा उतरलाय.
खरंच उतरला होता.
पडद्यावर तिचा आवाज डोंगररांगेसारखा पसरलेला;
त्यानं एकेक शिखर चिमटीत धरून
केसभर वर ठेवलं.
मग श्वास काढले.
प्रत्येक ओळीआधी ओढलेला तो श्वास,
आईसारखा, तीन जिने चढून आल्यावरचा.
बावन्न निघाले. ती मोजत होती.
"यांचं पुढे काय होतं?" तिनं विचारलं.
तो हसला. माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर ती सगळीकडे.
टॅक्सीत, दुकानात, कुणाच्या लग्नातल्या पहिल्या नाचाला,
दंतवैद्याच्या खुर्चीत, आ वासलेला असताना.
बारा वर्षांच्या पोरी आरशापुढे कंगवा धरून
तिच्यासारखं श्वास न घेता गातात
आणि तिसऱ्या ओळीला धापा टाकतात.

ती हरवली, असं मी म्हणणार नाही.
आईला जिना नसलेलं घर मिळालं.
धुलाईघरातल्या बायका अजून तिला
नावानं हाक मारतात, बरोबर नावानं.
सलूनच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे,
बॉयलर केव्हाच भंगारात गेला.
ऑर्विल शहरबस चालवतो.
कुणी प्रवासी म्हणाला, विकली गेली ती,
तर सिग्नल सुटेपर्यंत तो बोलत नाही.
मग म्हणतो, "आम्ही तिला आठ आवर्तनं दिली होती.
आठ."
आणि पुढच्या थांब्यावर जरा जोरातच ब्रेक लावतो.

परवा ती गावी गायली. तेरा हजार माणसं.
तिच्या कानात यंत्र, यंत्रात अचूक सूर.
दिवे लागण्याआधी तिनं ते काढून हातात घेतलं
आणि ओठ मिटून, अंधारात,
एक सूर धरून ठेवला,
काळी दोनच्या किंचित खाली.
लोकांना वाटलं, स्पीकर बिघडला.
एक तंत्रज्ञ वाकून धावत आला, तारा चाचपू लागला.
वरच्या रांगेत, फुकटच्या पासावर, ऑर्विल
डोक्यावर हात फिरवत टोपी शोधत होता.
टोपी बसमध्येच राहिली होती.